उन्हाळ्याचा खण

मला घडवले ते साहेबांच्या सामानाच्या रिकाम्या खोक्यांतून. त्यामुळे मित्रांनो, थोर कुळाचा तोरा मला मिरवता येणार नाही. मी एक जुनी देवदारी पेटी आहे. १९४० साली मी नगरच्या छावणीतल्या गोल्फ क्लबाच्या कचेरीत आले.

गोल्फ म्हणजे काठीने चेंडू टोलवत लांबच्या भोकात घालायचा खेळ. प्रत्येक भोकाभोवती हिरवळीचा एक गोल लागतो. नगरच्या कोरड्या माळावर असे नऊ गोल जगवायचे होते. बन्सी विहिरीवर मोट हाकायचा आणि गोजरबाई पाच सोबतिणींना घेऊन घागरींनी पाणी घालायची.

"भाऊसाहेब, माज्या बैलाला गवत न्हाई आन् साहेबाच्या चेंडूला गादी!" बन्सी म्हणायचा.

भाऊसाहेब म्हणजे क्लबाचे कारकून शामकांतराव. माझे चार खण त्यांनीच सुताराला आखून दिले होते. पगार, पाणी, अवजारे. आणि चौथ्यावर त्यांनी शाईने लिहिले, 'उन्हाळा'. थंडीत साहेब लोक रोज खेळत, वर्गणी भरपूर जमे. एप्रिल लागला की ते डोंगरावरच्या थंड हवेला जात आणि वर्गणी आटे. पाणी मात्र तेव्हाच जास्त लागे. म्हणून हिवाळ्यातल्या प्रत्येक रुपयातले चार आणे शामकांतराव चौथ्या खणात टाकत. भर वैशाखातही गोजरबाईची मजुरी कधी चुकली नाही.

एवढे शहाणपण असून वहीत मात्र ते चुकत. क्लबाच्या छापील वहीत उन्हाळ्याचा रकाना नव्हता. मग ती रक्कम ते सरळ 'शिल्लक' म्हणून लिहीत. दरवर्षी सभेत सेक्रेटरी साहेब तो आकडा मोठ्याने वाचत, टाळ्या पडत आणि शामकांतराव मान खाली घालून हसत. त्या टाळ्या त्यांना आवडत. मलाही आवडत, खोटे का बोलू?

१९४७ च्या मार्चमध्ये साहेब लोक मायदेशी निघाले. शेवटच्या सभेत सेक्रेटरींनी वही चाळली. एवढी शिल्लक आहे, तर निरोपाची मेजवानी झालीच पाहिजे, असे ठरले.

"साहेब, तो पैसा उन्हाळ्याचा आहे," शामकांतराव म्हणाले.

साहेबांनी वही त्यांच्याकडे वळवली. "कुठे लिहिले आहे?"

माझ्यावर लिहिले होते. पण सभेत वही चालते, पेटी चालत नाही. चौथा खण शामकांतरावांनी स्वतःच्या हाताने रिकामा केला.

एप्रिलात आठवडा भरला तशी गोजरबाई सोबतिणींसह दारात आली. शामकांतरावांनी रिकामा खण उघडून दाखवला.

"उंदरानं खाल्लं व्हय?" मागून तिची सोबतीण लंकाबाई म्हणाली. कोणी हसले नाही.

"तुमच्या भरवशावर खुरपनीची कामं सोडली आमी," गोजरबाई म्हणाली. "तुमी लिवनारे लोक. तुमाला काय कळायचं?"

दोन आठवडे शामकांतरावांनी आपल्या पगारातून मजुरी भागवली. तिसऱ्या आठवड्याला हात पोचला नाही. बाया मिरजगावकडे रस्त्याची खडी फोडायला गेल्या. नऊही गोल पिवळे पडले. रोज संध्याकाळी शामकांतराव एकटेच तिथे जाऊन उभे राहत.

क्लब बंद झाला आणि त्यांनी मला घरी आणले. पुढच्या वर्षीच्या श्रावणात ते वारले. दहाव्या दिवशी गोजरबाई आली. ओट्याच्या कडेला टेकली.

"मी लई बोलले त्येंना," ती म्हणाली.

शामकांतरावांची लेक शोभा हळूच म्हणाली, "नाना रोज तुमचं नाव काढायचे. गोजरबाईचा उन्हाळा मी बुडवला, म्हणायचे."

"रोज म्हनायचे? मंग मला का न्हाई सांगितलं कुनी? वरीसभर मी त्येंना श्याप देत खडी फोडली, पोरी."



मित्रांनो, कठीण दिवसांसाठी जरूर साठवा. ते कोणासाठी साठवले, हे वहीत स्पष्ट लिहा. आणि चूक झालीच, तर ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारी जाऊन सांगा. शामकांतरावांची माफी वर्षभर घरातल्या घरातच फिरत राहिली. गोजरबाईपर्यंत ती पोचली, तेव्हा ती मागणारा उरला नव्हता.