कुपीत गेलेला ‘बघू’

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बघूराव म्हणत, अर्थात पाठीमागे. दोन मजली उंचीचं दाबयंत्र चालवणारा हा माणूस कामात वाघ होता. पण हो-नाहीची वेळ आली की ताकास तूर लागू द्यायचा नाही. पंखा लावू का? बघू. चहात साखर घालू? बघू. लग्न ठरवतानाही म्हणे त्यांनी एवढंच म्हटलं होतं. सासऱ्यांनी तो होकार धरला, म्हणून संसार तरी झाला.

आता मात्र हे घोंगडं आणखी भिजत ठेवायचं नाही, असं बायकोने ठरवलं. तिची धाकटी बहीण समुद्रकाठच्या गावात एकटी पडली होती, आणि हिला तिच्याजवळ कायमचं राहायला जायचं होतं. “शनिवारी मी निघते,” ती म्हणाली. “तुम्ही येणार की नाही, तेवढं सांगा.” यावर बघूराव काय म्हणाले ते सांगायला नकोच. बायकोशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं आणि यंत्राशिवाय त्यांना करमत नव्हतं.

त्याच आठवड्यात मोठं काम निघालं. समुद्राचा तळ जमिनीच्या पोटात हळूहळू सरकत असतो. जाताना पाणी, कर्ब, नत्र, जे जे म्हणून उडून जाणारं ते ते दगडात कोंडून नेतो. त्यातलं थोडं वरच्यावर सुटतं आणि ज्वालामुखीतून बाहेर पडतं. उरलेलं शेकडो किलोमीटर खाली जातं आणि पृथ्वीची लहर लागेल तेव्हा परत येतं. दगड त्यातलं किती धरून ठेवतो, हे मॅडमना पाहायचं होतं. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. वयाने बघूरावांच्या मुलीएवढ्या, पण कारभार असा की एक घाव दोन तुकडे.

तांदळाच्या दाण्याएवढ्या सोन्याच्या कुपीत दगडाची पूड भरायची आणि तिचं तोंड वितळवून बंद करायचं, अशी पद्धत. तोपर्यंत खोलीतल्या प्रत्येकाने श्वास धरायचा, हा तिथला कडक रिवाज. कारण श्वासातही पाणी असतं, कर्ब असतो. “धरा,” मॅडम म्हणाल्या. सगळे गाल फुगवून उभे राहिले. बघूराव कुपीवर वाकले. डोक्यात सकाळपासून ‘येणार की नाही’चा भुंगा लागला होताच. सवयीने ओठ हलले आणि “बघू” निसटला. त्याच क्षणी कुपी बंद झाली.

कोणाला ऐकू गेलं नाही. मॅडमना हे सांगावं का, असं बघूरावांनी स्वतःला विचारलं. पण अशा प्रश्नांना त्यांच्याकडे एकच उत्तर असे, आणि ते आता कुपीत होतं. शेकडो किलोमीटर खाली असतो तेवढा दाब देत यंत्राने कुपी दातांत धरली आणि ‘बघू’ जणू पृथ्वीच्या पोटात गेला.

संध्याकाळी बायको भांडी विसळत होती. “काय ठरलं मग?” तिने पाठमोरीच विचारलं. उत्तर तिला पाठ होतं. बघूरावांनी तोंड उघडलं. नेहमीचा शब्द येईना. त्यांनी घसा खाकरला, पाणी प्यायलं, पुन्हा प्रयत्न केला. तो नव्हताच. त्याच्या जागी दुसराच एक शब्द बसला होता, न वापरलेला, कोरा करकरीत.

“हो,” ते म्हणाले.

बायकोच्या हातातलं पातेलं घसरून पडलं. “पुन्हा म्हणा.”

“हो. येतो तुझ्याबरोबर.” आणि बोलून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी उरलेली भांडीही विसळून टाकली.

मग काय, तोंडाचा बांधच फुटला. मुलगी म्हणाली, बाबा, जुना सोफा टाकून देऊ? हो. शेजारी रात्री गायला येऊ का म्हणाले. नाही. लोक गोंधळले. ज्यांना नकार मिळाला ते रुसले, ज्यांना होकार मिळाला ते त्याहून घाबरले.

शनिवारी सकाळी बघूराव राजीनामा घेऊन गेले. बायको सामानासकट दारात उभी राहिली. गाडी दुपारची होती. “आधी कुपी वितळवू, मग तुमचं बोलू,” मॅडम म्हणाल्या. “भट्टीतून वायू नेणाऱ्या नळीचे जोड घट्ट आहेत ना?”

एरवी ते “बघू” म्हणत आणि खरोखरच पान्हा घेऊन एकेक जोड बघून येत. आज त्यांनी जागेवरूनच सांगून टाकलं, “हो.”

भट्टी तापली. पडद्यावरच्या आलेखात पाणी दिसलं, कर्ब दिसला, नत्र दिसलं, आणि शेवटी एक अनोळखी टोक वर आलं. “हे काय?” म्हणत मॅडम नळीवर वाकल्या. जोड सैल होता. बारीकसा फुस्स आवाज झाला आणि मॅडमनी नेमका तेव्हाच श्वास घेतला.

बघूरावांनी धावत जाऊन जोड आवळला, मग राजीनामा पुढे केला. “मॅडम, आज मला मोकळं करताय ना?”

मॅडमनी तोंड उघडलं. कपाळाला आठी पडली. दोनदा घसा खाकरून झाला.

“बघू,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या.

बघूराव उभेच राहिले. हा शब्द त्यांनी आयुष्यभर वाटला होता, पण समोरून कधी खाल्ला नव्हता. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, ते खोटं नाही. दारातल्या बायकोकडे बघायची हिंमत होईना.

“तुम्ही बघा, मॅडम,” शेवटी ते म्हणाले. “आम्ही निघालो.” कागद टेबलावर ठेवून त्यांनी बाहेर येऊन दोन्ही पिशव्या उचलल्या.

रस्त्याला लागल्यावर त्यांनी पिशव्या सावरल्या. मग म्हणाले, “अगं, इतकी वर्षं हे कसं ऐकलंस तू?”

“त्या ‘बघू’च्या खाली ‘हो’ आहे, हे माहीत होतं मला,” बायको म्हणाली. “वर कधी येतो, तेवढीच वाट बघत होते.” आणि एक पिशवी तिने त्यांच्या हातातून काढून घेतली.