बोलायचं कोणी

भाडेकरू संघटनेत सगळी कामं पाळीपाळीने व्हायची. चहा, झाडू, फलक रंगवणं, सगळं. एकच काम कायम नर्सच्या गळ्यात. वकीलकाका नाल्यापलीकडच्या वस्तीबद्दल काही बरळले की "अहो, असं बोलू नका," म्हणायचं. वस्ती तिची ना! मग बाकीचे नुसत्या माना डोलावणार आणि काका आठवडाभर तिच्यावर फुगून बसणार.

"ह्यावेळी मी बोलणार," असं तिची मैत्रीण ग्रंथपालबाई स्वतःहून म्हणाली होती. "तू गप्प बसायचंस. शपथ!"

नर्सला हायसं वाटलं, कारण ह्या बैठकीला तिचा मोठा भाऊ यायचा होता. वस्तीला घरं पाडण्याची नोटीस आली होती आणि "त्या संघटनेत आपलं कोण आहे?" म्हणत तो अडून बसला होता. किती मिनतवाऱ्या करून तिने त्याला तयार केलं होतं! वस्तीत त्याचाच शब्द चालायचा; तो बिथरला तर अख्खी वस्ती संघटनेकडे पाठ फिरवणार होती.

बैठक सुरू झाली. दादा दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसला. ठरलेल्या मोर्चाआधी पत्रकारांशी कोणी बोलायचं हा विषय निघाला आणि काका मिश्कील हसत म्हणाले, "नाल्यापलीकडच्यांना पुढे बसवू नका हं, पत्रकार आधी आपले खिसे चाचपतील!"

हशा पिकला. ग्रंथपालबाईही हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसलीच की! नर्स तिच्याकडे बघत राहिली. बोल गं बाई, आता तरी बोल. तर बाईने टेबलाखालून तिलाच कोपराने ढोसलं आणि कुजबुजली, "अगं, बोल ना! तुला छान जमतं."

नर्सच्या अंगाची लाही लाही झाली. काकांचं काय, ते होतेच तसे. पण हिने केसाने गळा कापला.

"बोलणार तू होतीस," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "शपथ तू घेतली होतीस."

"अगं, पण काका वयाने मोठे... उगाच माझ्याशी वाकडं आलं असतं."

"आणि माझ्याशी येतं ते?"

दादा उठला. तो चिडला असता तरी बरं वाटलं असतं. त्याला नवल वाटलेलंच दिसत नव्हतं. "चल," एवढंच म्हणाला. नर्स पर्स घेऊन त्याच्यामागे निघाली.

ग्रंथपालबाई जिन्यापर्यंत धावत आली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

"अगं, थांब ना! मोर्चाला वस्तीतली माणसं तरी आणशील ना?"