खोदकामात तार तुटली त्या दुपारी

मित्रांनो, जिन्याखालच्या खोलीत झाडू-बादल्यांशेजारी जो धुळकट लोखंडी पेटारा दिसतो, तो मीच. या रुग्णालयाचा जुना सर्व्हर, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या नोंदी सांभाळणारा संगणक. अकरा वर्षे मी एक दिवसही रजा घेतली नाही. "हा आहे म्हणून आपलं चालतंय," असे मोठे डॉक्टर पाहुण्यांना सांगत.

मग शहराने सर्वांसाठी एकच क्लाउड, म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकांवरचा सामायिक माहितीसाठा, सुरू केला. नळाला पाणी यावे तशी तारेतून माहिती येऊ लागली. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, सगळे त्यालाच जोडले गेले. सोय खरोखरच मोठी होती. माझी वायर काढली आणि भंगाराच्या यादीत माझे नाव गेले.

एका दुपारी रस्त्याच्या खोदकामात ती तार तुटली. पडद्यांवर नुसते चक्र फिरत राहिले. नेमका तेव्हाच एक बाप सात वर्षांच्या मुलीला उचलून धावत आत आला. तिला झटके येत होते.

"हिला एका औषधाचं वावडं आहे! मागच्या वेळी जाता जाता वाचली. नावच आठवत नाही हो!"

"नोंद उघडत नाहीये," परिचारिका रडकुंडीला आली.

"दोन मिनिटं थांबतो," डॉक्टर इंजेक्शन भरत म्हणाले. "त्यापुढे नाही."

संगणक विभागातल्या ताई धडाधड जिना उतरल्या. त्यांनी मला वीज जोडली. पण माझा पंखा अडकला होता. तो फिरला नाही तर मी तापून बंद पडणार. ताईंनी पेन्सिलीने पाती ढकलली.

"चल रे बाबा, एवढं एकदा!"

डिस्क खरखरली, थांबली, पुन्हा खरखरली. शेवटी मुलीची माझ्या काळातली जुनी नोंद उघडली. औषधाचे नाव वाचताच ताई जिन्यातून ओरडत सुटल्या, "ते देऊ नका! दुसरं द्या!"

डॉक्टरांच्या हातात तेच होते.

मुलगी वाचली. तासाभराने ताई खाली आल्या आणि पालथ्या बादलीवर बसून रडल्या. "तुला भंगारात काढायची सही मीच केली होती," त्या म्हणाल्या.

आता इथे एक नवे छोटे यंत्र आले आहे. रोज संध्याकाळी क्लाउडवरच्या नोंदींची प्रत त्यात उतरते. मी उद्या भंगारात जाईन. त्याचे दुःख आहे, पण तक्रार नाही.

फक्त एवढेच सांगतो, मित्रांनो. जे सगळ्यांचे असते, ते दुसरा कोणीतरी सांभाळेल असे धरून चालू नका. "तार तुटली तर काय?" हे वेळेवर, मोठ्याने विचारा.