टेसाने तासलेली पत्ती

टेसाने ओबो तोंडाला लावला आणि फुंकलं. नुसती हवा गेली. तिने पत्ती काढली, पाण्यात बुडवली, झटकली आणि परत बसवली. या वेळी सूर निघाला, पण गंजलेलं दार करकरावं तसा.

"मार्गो, जरा थांब ना," ती म्हणाली. मी पियानोला हातसुद्धा लावला नव्हता.

आम्ही दोघी त्याच सकाळी नोव्हा स्कोशियाहून कोलोरॅडोत पोहोचलो होतो. दुसऱ्या दिवशी इथल्या विद्यापीठात टेसाची एम. ए.च्या प्रवेशासाठी वादनपरीक्षा होती. बी. ए.ची चारही वर्षं तिच्या साथीला पियानोवर मीच असायचे, म्हणून इथेही आले होते. सरावासाठी आम्हाला एक लहानशी खोली दिली होती. खिडकीबाहेर बर्फाचे डोंगर होते, पण टेसाने तिकडे एकदाही पाहिलं नाही.

ओबो हे सनईच्या जातीचं वाद्य. त्याचा सगळा जीव पत्तीत. बोरूच्या दोन पात्या दोऱ्याने बांधायच्या आणि चाकूने तासत तासत टोक इतकं पातळ करायचं की उजेडात धरलं तर मागच्या बोटाची सावली दिसावी. ओबो वाजवणारा माणूस निम्मा वेळ वाजवतो आणि निम्मा वेळ तासतो. आमच्या वर्गातल्या ओबो वाजवणाऱ्या सगळ्यांची बोटं कापलेली असायची. टेसाची नसायची.

कारण तिच्या पत्त्या तिला ओबो शिकवणारे रँकिन सर करायचे. पहिल्या वर्षी तिने केलेली पत्ती त्यांनी वाजवून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "तू वाजव पोरी, चाकूचं मी बघतो." तेव्हापासून तसंच चाललं. ती पात्या बांधून द्यायची, शेवटचं तासणं सरांचं. सर चांगले होते. असा सूर लावणारी मुलगी त्यांना कित्येक वर्षांत मिळाली नव्हती आणि तिचा वेळ त्यांना लाकडाच्या भुशात घालवायचा नव्हता. बाकीची मुलं तिला 'सरांची लेक' म्हणायची. फिल नावाचा एक जण तर विचारायचा, "काय टेसाबाई, लग्नातही फुंकर घालायला सर येणार का?" ती हसायची. चार वर्षं सगळं सुरळीत गेलं होतं.

पण आमच्याकडे समुद्राची दमट हवा, आणि इथे हवा कोरडी आणि विरळ. सरांनी तासून दिलेल्या पाचही पत्त्या इथे लाकडासारख्या निबर झाल्या होत्या. पाचवीही दगा देऊन गेली तेव्हा टेसा खुर्चीत बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"सरांना फोन लाव," मी म्हटलं.

तिने लावला. फोन टेबलावर ठेवला म्हणजे मलाही ऐकू यावं. नुसती पत्ती तोंडात धरून फुंकली की ती कावळ्यासारखी ओरडते, आणि त्यावरूनच जाणकाराला तिची प्रकृती कळते. टेसाने एकेक पत्ती फुंकून दाखवली. सर ऐकत होते.

"जड झाल्यात," ते म्हणाले. "तासायला लागणार."

"कुठे? किती?"

सरांनी पाचवी पत्ती परत फुंकायला सांगितली. तिने फुंकली.

"सर, कुठे तासू?"

"फोनवर मला टोक दिसत नाही गं. आणि खरं सांगू, मी जन्मभर समुद्राकाठी राहिलो. तिथल्या हवेला काय लागतं, मला माहीत नाही."

टेसाने माझ्याकडे पाहिलं. सरांना एखादी गोष्ट माहीत नाही, हे आम्ही दोघीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मग मी काय करू?" तिचा आवाज चिरकला. "मला येत नाही हे. तुम्हाला माहितीये मला येत नाही."

"माहितीये. माझ्यामुळेच येत नाही. नीट ऐक. सगळ्यात वाईट पत्ती घे. ती मारायचीच असं ठरव. तासत जा, दर वेळी फुंकून बघ, आणि ती मरेपर्यंत थांबू नकोस. कुठपर्यंत जाता येतं ते त्याशिवाय कळत नाही. मग दुसरी घे."

"आणि दुसरीही मेली तर?"

"तर तिसरी."

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "म्हणायला काय जातंय त्यांचं." मग चाकू काढला. तो इतका नवा होता की पात्याला तेलाचा ओशटपणा तसाच होता.

पहिली पत्ती तिने ठरल्याप्रमाणे मारली. सुरुवातीला ती चाकू नुसता टेकवायची आणि उचलायची. पण पत्ती हळूहळू मोकळी होत गेली, मध्येच एकदा सुरेख बोलली, आणि अजून जरा तासल्यावर बकरीसारखी बें बें करायला लागली. टेसाने ती बाजूला ठेवली. दुसरी पत्ती चांगली होत आली होती. तेवढ्यात चाकू घसरला आणि टोकाचा कोपरा उडाला.

"चल, परत जाऊ," ती म्हणाली. "मी आजारी पडले म्हणून सांगू."

"पडलीयेस का आजारी?"

"सकाळपर्यंत पडेन."

"मग सकाळी सांगू."

शेजारच्या खोलीत कुणीतरी ओबोवर, आम्हाला उद्या वाजवायची होती तीच संथ रचना वाजवत होतं, आणि फार छान वाजवत होतं. टेसा ते शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने तिसरी पत्ती पाण्यात टाकली. या वेळी ती अगदी थोडं तासायची, फुंकायची, उजेडात धरून बघायची. मला काही करण्यासारखं नव्हतं. मी पियानोचं झाकण बंद करून त्यावर कोपरं टेकून बसले. डोंगरावरचं ऊन उतरलं तेव्हा ती उठून उभी राहिली आणि सर्वांत खालचा सूर हळूच लावला. तो लागला. सरांच्या पत्तीवर यायचा तसा गोल नव्हता, जरा पातळ आणि उघडा होता. पण बोलावल्यावर येत होता.

"हा माझा सूर नाही वाटत," ती म्हणाली.

"उद्यापुरता हाच तुझा," मी म्हटलं.

सकाळी परीक्षा घ्यायला तिघे जण बसले होते. ओबो शिकवणाऱ्या ओटेरोबाई मधल्या खुर्चीवर. त्यांच्या समोर पाण्याचा ग्लास होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. संथ रचनेतला पहिलाच सूर उशिरा आला. मी पियानोवर थांबले, तिची वाट पाहिली, आणि मग आम्ही बरोबर निघालो. टेसा जपून वाजवत होती, एरवीसारखी नाही. एरवी ती डोळे मिटायची. आज ते उघडे होते, काचेवरून चालणाऱ्या माणसासारखे. जलद भागात एक जागा घसरली, तीही तिने सावरली.

वाजवून झाल्यावर ओटेरोबाईंनी हात पुढे केला. "पत्ती बघू."

त्यांनी ती खिडकीकडे धरली, फिरवून पाहिली. "कुणी केली?"

मला वाटलं, ही आता सरांचं नाव सांगेल.

"बांधली मी, तासली सरांनी. काल इथे आल्यावर ती वाजेना, म्हणून मी परत तासली," टेसा म्हणाली. "याआधी मी एकही पत्ती स्वतः पुरी केलेली नाही."

"चार वर्षांत?"

"हो."

"एक बाजू जाड राहिलीये," बाई म्हणाल्या आणि पत्ती परत दिली. "ठीक आहे. या तुम्ही."

परतीच्या विमानात टेसाने मला निदान दहा वेळा विचारलं की 'ठीक आहे' याचा अर्थ काय. मी दर वेळी वेगळं उत्तर दिलं. पुढचे काही आठवडे ती फोन वाजला की दचकायची. मार्चमध्ये कळलं की तिचं नाव प्रतीक्षायादीत आहे. एप्रिलच्या शेवटी, आम्ही कँटीनमध्ये सूप पीत बसलो असताना, ओटेरोबाईंचाच फोन आला. टेसा उभी राहून ऐकत होती. "हो," म्हणाली. "हो, चालेल." मग खाली बसली.

"घेतलं?"

"कुणीतरी जागा सोडली. म्हणतात, उन्हाळ्यातच या. पहिलं सत्र सुरू व्हायच्या आधी रोज त्यांच्यासमोर बसून पत्त्या करायच्या. जमलं नाही तर तिथेच सांगणार, जा घरी."

"मग?"

"मग काय. भीती वाटतेय." तिने सूप पुढे ओढलं. ते गार झालं होतं, तरी तिने सगळं संपवलं.

ती गेली. जुलैत तिचा फोन आला तेव्हा तिच्या डाव्या अंगठ्याला तीन टाके पडले होते. त्या दिवशी केलेल्या सहा पत्त्यांपैकी एक वाजली होती. तीच तिने मला फोनवर वाजवून दाखवली.