पुढची सीट

लॉन्ड्रीची व्हॅन विकायची, असं सासऱ्यांनी जाहीर केलं आणि माझं डोकंच फिरलं. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, नवरा स्टिअरिंगला हात लावताच घामाघूम. मग हॉटेलांच्या चादरी पोचवणार कोण? मी. लग्नाआधीच गाडी शिकले होते, लायसन्स होतं. व्हॅन गेली की हॉटेलं जाणार, मग बसा शेजाऱ्यांच्या शर्टांना इस्त्री करत.

सासऱ्यांपुढे लायसन्स ठेवलं. "लोक काय म्हणतील?" ते म्हणाले. नवऱ्याला म्हटलं, तू तरी बोल. तो म्हणे, "बाबांपुढे मी काय बोलणार?" स्वतःला गाडी न येणारा दीर हसून म्हणाला, "वहिनी, गाडी म्हणजे इस्त्री नव्हे, पुढेमागे ढकलायला." त्याचे शर्ट मी आठवडाभर चुरगळलेलेच ठेवले. पण त्यानं व्हॅन थोडीच वाचणार होती? मी जितकी भांडले, तितके सासरे हट्टाला पेटले. पालथ्या घड्यावर पाणी.

सासूबाई काहीच बोलल्या नव्हत्या. आणि मी शहाणीनं त्यांना विचारलंही नव्हतं.

दुपारी आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकांना उभं राहून ताणायचं, मग जवळ यायचं. जवळ आल्यावर मी म्हटलं, "आई, तुम्हाला काय वाटतं?"

"मला कोण विचारतंय? इतकी वर्षं त्या गाडीतून हिंडले, पण मागे, गाठोड्यांत बसून. पुढे हे, शेजारी कधी भावजी, कधी मुलं. समोरून रस्ता कसा दिसतो, मला ठाऊक नाही गं."

मी लगेच म्हटलं, "मी चालवली, तर शेजारी तुम्हीच."

त्यांनी घडी तळहातानं दाबली आणि दुसरी चादर उचलली.

संध्याकाळी सासऱ्यांना वाढता वाढता म्हणाल्या, "गाडी विकायची नाही. सून चालवेल, मी शेजारी बसेन."

"अगं, पण लोक..."

"लोकांच्या चादरी मी धुते. लोकांचं मला सांगू नका."

सासऱ्यांनी आमटीची वाटी पुढे सरकवली. "बाबा, मलाही तसंच वाटतं," नवरा म्हणाला. फुटला बाई एकदाचा कंठ.

सकाळी गाठोडी चढवली. सासूबाई सवयीनं मागच्या दाराशी गेल्या. मी हाक मारणार, तोच सासरे चाचपडत पुढे आले, पुढचं दार त्यांनी उघडून धरलं. "इकडं बस," म्हणाले.

त्या बसल्या, पदर सावरला, समोर बघत राहिल्या. हॉटेल तसं जवळच.

"लांबच्या रस्त्यानं घे," त्या म्हणाल्या.