आत हललं की एक

दोघी बहिणींतल्या थोरलीचं काम दातांचे फोटो काढायचं. दातांच्या मोठ्या दवाखान्यात तिला एक अरुंद खोली दिलेली होती. रोगी खुर्चीत बसला की ती त्याच्या ओठांत प्लास्टिकचे दोन आकडे अडकवायची, गाल बाजूला ओढायची, छोटा आरसा आत सरकवायची आणि आरशावर वाफ धरायच्या आत बटण दाबायची. उपचाराआधी एक, उपचारानंतर एक. चेहरा कधीच नाही. इतक्या वर्षांत कुठल्या रोग्यानं तिच्याशी वाद घातला नव्हता, कारण समोरच्याचं तोंड कायम उघडं आणि आत सामान भरलेलं. फोटो डॉक्टरांच्या लेखात छापून येत आणि खाली नाव डॉक्टरांचं असे. ती हसून सोडून द्यायची, पण लागायचं तिला. चांगलंच लागायचं.

म्हणून ती ऑनलाइन स्पर्धांच्या नादी लागली. तिथं डॉक्टर नाहीत, परीक्षक नाहीत, सगळा कारभार लोकशाहीचा. स्पर्धकांनीच स्पर्धकांना गुण द्यायचे. फोटोवर नाव नसतं. एकामागून एक फोटो समोर येतात, तुम्ही एक ते दहा यातला आकडा दाबता, की पुढचा. सरासरीत जो वर, तो वर. आणि तुमचा फोटो इतरांपुढे किती वेळा येणार, ते तुम्ही स्वतः किती मतं देता त्यावर. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी असते. मतं दिली की भरते, थांबलात की ओसरते. त्यामुळे सगळे जण दिवसभर मतं देतात आणि फोटो कुणीच बघत नाही. दुसऱ्याच्या पानातलं न चाखता आपलं पान वाखाणून घ्यायचं, असा तो पंक्तिव्यवहार.

सुरुवातीला ती भोळी होती. प्रत्येक फोटोपुढे थांबायची, उजेड कुठून आलाय ते बघायची, मग विचार करून सात किंवा आठ द्यायची. तिचे स्वतःचे फोटो मात्र कायम यादीच्या तळाशी. मग तिला अध्यक्ष भेटला. तो वाहन परवान्याच्या कचेरीत कारकून होता. त्याला कुणी कधी निवडून दिलेलं नव्हतं, म्हणूनच सगळे त्याला अध्यक्ष म्हणत. त्यानं पाचसात स्पर्धकांचा एक गट बांधला होता. स्पर्धेआधी प्रत्येकानं आपला फोटो गटात दाखवायचा आणि एकमेकांना डोळे मिटून दहा द्यायचे. आपला तो बाब्या.

दुसऱ्याच्या कार्ट्याचं काय करायचं, हे मात्र गटाला थोरलीनं शिकवलं. नुसते दहा देऊन भागत नाही, हे तिच्या लवकर ध्यानात आलं. फोटो वर जायचा तर दुसरे खाली यायला हवेत. पण सगळ्यांनाच एक देत सुटलं तर साइट तुमची मतं बाद करते. म्हणून तिनं नियम काढला: जे फोटो मरतुकडे आहेत त्यांना सहा, सात खुशाल द्या, ते आपल्या वाटेत येत नाहीत. उदार दिसता, आणि खर्च काहीच नाही. एक द्यायचा तो फक्त तगड्याला. तगडा कुठला ते कसं ओळखायचं, असं गटातल्या कुणीतरी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "विचार करायचाच नाही. बघितल्याबरोबर आत काही हललं, की एक."

नियम असा लागू पडला की पुढच्याच स्पर्धेत अध्यक्षाचा बदकांचा फोटो तिसरा आला. त्यानं तिला गटाचा मेंदू म्हणून जाहीर केलं. तिला बरं वाटलं. दवाखान्यात तिला कुणी मेंदू म्हटलेलं नव्हतं.

मग 'हात' या विषयावरची स्पर्धा आली. पहिल्या दहांचे फोटो भिंतीएवढे मोठे छापून एका नावाजलेल्या कलादालनात लावणार होते, खाली फोटो काढणाऱ्याचं नाव. थोरलीनं ते वाचलं आणि तिला आई आठवली.

आई धाकटीकडे असायची. धाकटीचं पडदे शिवायचं दुकान, त्याच्या मागच्या खोलीत आईची खाट. आईनंही जन्मभर पडदेच शिवले होते. शेवटच्या दुखण्यात तिला भरवणं, पुसणं, कूस वळवणं, सगळं धाकटीनं केलं. थोरली सुटीच्या दिवशी यायची, फळं आणायची, औषधांच्या वेळा विचारायची. एकदा ती कॅमेरा घेऊन आली. आई म्हणाली, "तोंडाचा नको काढू गं. हाताचा काढ. हातानंच काय ते केलंय." थोरलीनं खिडकीचा पडदा अर्धा सारला आणि चादरीवर पडलेल्या त्या हातावर उजेड घेतला. सुयांनी चपटी झालेली तर्जनी, कात्रीच्या कडीनं कायमचा वाकलेला अंगठा. तेवढ्यात धाकटी गरम पाणी घेऊन आत आली. तिनं बघितलं, पाणी ठेवलं आणि म्हणाली, "तिला श्वास लागलाय, आणि तुला फोटो सुचतायत." आणि बाहेर गेली.

तो फोटो थोरलीनं तिला कधी दाखवला नाही. आई गेल्यावरही नाही. दोघी बोलत होत्या, येणंजाणं होतं, पण ते वाक्य दोघींच्या मधे बसून राहिलं होतं. आता थोरलीच्या मनात आलं, की धाकटीचा हात धरून तिला त्या दालनात न्यायचं आणि भिंतीसमोर उभं करायचं. काही बोलायचं नाही. हात भिंतीएवढा. मग कळेल तिला, त्या दिवशी मी काय करत होते ते. पारितोषिक वगैरे गेलं खड्ड्यात. तिला एवढंच हवं होतं.

पण गटाला तिनं हा फोटो दाखवलाच नाही. गटाला दाखवला तो एका म्हाताऱ्याच्या हातात बाळाचं बोट, असला फोटो. म्हातारा दवाखान्याचा पहारेकरी, बाळ शेजारणीचं. असले फोटो जगात पैशाला पासरी, पण गट खूश झाला, आणि तोच तिनं स्पर्धेत लावला. मग मतदान सुरू व्हायच्या जरा आधी, फोटो बदलायची मुभा होती तोवर, तिनं तो काढला आणि आईचा हात चढवला. कुणाला काही सांगितलं नाही. आईचा हात वशिल्यानं वर गेलेला तिला बघवला नसता. तो स्वतःच्या बळावर जायला हवा होता.

हे सगळं ठीक. पण तिची हिरवी पट्टी तिला भरलेली हवीच होती, म्हणून ती मतं देत राहिली, आणि दिली ती नेहमीच्याच नियमानं. मरतुकड्याला सहा, तगड्याला एक. बसमधे, जेवताना, दोन रोग्यांच्या मधल्या वेळात. आपल्याला न्याय हवा आणि बाकीच्यांना नियम, यात तिला काही वावगं दिसलं नाही. कुणाला दिसतं?

मतं जास्त असावीत म्हणून तिनं धाकटीलाही ओढलं होतं. मत द्यायचा हक्क फक्त स्पर्धकाला, तेव्हा धाकटीच्या नावानं खातं उघडून तिच्याच हाताचा, कात्री धरलेला, घाईघाईत काढलेला फोटो चढवून दिला. बाळाच्या बोटाचा फोटो दाखवून सांगितलं, हा माझा, हा आला की दहा. आणि नियम पढवला. धाकटी म्हणाली, मला फोटोतलं काय कळतं? थोरली म्हणाली, कळायला नकोच आहे. बहिणीच्या कामी यायचं म्हणून धाकटी तयार झाली. आई गेल्यावर तिचेही हात रिकामेच होते. पडद्याच्या दोन शिवणींच्या मधे ती फोन उचलायची आणि इमानदारीनं मतं द्यायची.

फोटो बदलला तेव्हा धाकटीला सांगायला हवं होतं, हे थोरलीला सुचलं नाही असं नाही. पण सांगितलं असतं तर दालनातली ती घटका हातची गेली असती. तिनं मनाची समजूत घातली, की हजारो फोटोंत तो नेमका तिच्याचपुढे कशाला येतोय.

निकाल लागला. पहिला आला तो लोकरी मोज्यातला हात, त्यात वाफाळता कप. त्या फोटोवर कुणाचाही राग नव्हता आणि कुणाचं प्रेमही नव्हतं. थोरली यादी खाली खाली सरकवत गेली. धाकटीचा कात्रीवाला हात तिला बराच वर दिसला. सगळ्या शहाण्यांनी त्याला मरतुकडा म्हणून सहा, सात वाटलेले असणार. आईचा हात त्याच्या कितीतरी खाली होता, यादीच्या पोटात, जिथवर कुणी बोट नेत नाही.

निकालानंतर प्रत्येकाला आपल्या फोटोला कुठले गुण किती पडले, ते खांबांच्या चित्रात बघायला मिळतं. तिनं बघितलं. एका टोकाला, नियम ठाऊक नसलेल्यांनी दिलेल्या दहाचा उंच खांब, दुसऱ्या टोकाला एकचा त्याहून उंच, मधे जवळजवळ सपाट. हा आकार ती ओळखत होती. हा तिच्याच नियमाचा होता. ही अक्कल तिच्या गटापुरती राहिली असेल असं मानायचं काही कारण नव्हतं. असले गट गावोगाव असणार.

दवाखान्यात ती एका रोग्याचा फोटो काढत असताना अध्यक्षाचा फोन आला. तुझं ते बाळाचं बोट कुणाला दिसलंच नाही, काय झालं, असं त्यानं विचारलं. चढवताना काहीतरी बिघडलं, असं ती म्हणाली. अरेरे, म्हणाला. मग खुशीत येऊन सांगू लागला, की यंदा आपल्या लोकांनी कामगिरी चोख केली. एका म्हातारीच्या हाताचा फार जबरदस्त फोटो होता, तो वर गेला असता तर सगळ्यांची वाट लागली असती. एकूण एकानं त्याला खाली बसवला. तिनं 'हो का' म्हटलं. रोग्याच्या तोंडात आरसा तसाच राहिला होता आणि त्यावर वाफ धरली होती.

संध्याकाळी ती धाकटीच्या दुकानात गेली. धाकटी लांब टेबलावर कुणाच्यातरी बैठकीचे पडदे पसरून घड्यांवर इस्त्री फिरवत होती. तिला बघून ती मोकळेपणानं हसली. कितवा आला, विचारलं. नाही आला, म्हटल्यावर तिला मनापासून वाईट वाटलं.

"तुझा तो बाळाच्या बोटाचा माझ्यापुढे आलाच नाही गं," ती म्हणाली. "रोज वाट बघत होते. पण मी माझ्याकडून सोडलं नाही हं. एक फोटो आला, चादरीवर म्हातारीचा हात. बघितला आणि छातीत धस्सच झालं माझ्या. म्हटलं, हाच ताईचा घात करणार. तू सांगितलं होतंस तसं, क्षणभर थांबले नाही. दिला एक."

थोरलीला खोटं बोलून सुटता आलं असतं, आणि जन्मभर इतरांची तोंडं उघडणाऱ्या त्या बाईला स्वतःचं मिटून ठेवणं अवघडही नव्हतं. पण धाकटी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि ती आईसारखीच, चेहऱ्यावरचं वाचणारी.

"दाखव," धाकटी म्हणाली. "तू काय लावलं होतंस ते दाखव."

थोरलीनं फोन दिला. धाकटीनं इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. बराच वेळ बघत राहिली. इतका वेळ त्या फोटोकडे सबंध स्पर्धेत कुणी बघितलं नसेल.

"हे करंगळीचं नख," ती म्हणाली. "हे मी वाकडं कापलं होतं. त्याच दिवशी सकाळी. तिनं हात मागे ओढला म्हणून."

इस्त्रीतून वाफेचा आवाज येत होता. थोरली म्हणाली की तिला दालनात नेऊन दाखवायचा होता, मोठा करून, त्या दिवसाचं मनात होतं म्हणून. बोलता बोलता तिलाच ते पोकळ वाटू लागलं, आणि ती थांबली.

"त्या दिवशी मी पाच मिनिटांत परत आत आले होते," धाकटी म्हणाली. "तेव्हा दाखवायचास. मी बघितला असता. रागावले असते आणि बघितला असता. ताई, अंधारात माझ्या हातात दिला असतास तरी ओळखला असता मी हा हात. तू म्हणालीस, बघायचं नाही."

तिनं फोन परत दिला. मग लहान मूल विचारतं तसं विचारलं, "आता बदलता येत नाही का? मला दहा द्यायचेत."

"मतदान बंद झालं."

धाकटीनं मान हलवली. पडदा पुढे ओढला, घडी सारखी केली, पण इस्त्री उचलली नाही. तिचा आवाज रडवेला नव्हता, आणि तेच थोरलीला सोसवेना.

"तू किती जणींच्या आईला एक दिलास गं?"

थोरलीनं खरंच आठवून बघितलं. आत काही हललं होतं असे पुष्कळ फोटो होते, एवढं तिला ठाऊक होतं. बसमधे हललं होतं, जेवताना हललं होतं. त्यातला एक तरी हात डोळ्यांपुढे यावा म्हणून ती तिथं पडद्यांच्या ढिगाशेजारी उभी राहून धडपडत होती, आणि तिला एकही आठवेना.