गुरुवारचा वाडगा

मी वाडगा बोलतोय. हो, मातीचाच! उगाच नाक मुरडू नका. ट्यूनिस शहरात, बाब जदीदच्या वेशीला लागून फरहातची खानावळ आहे. तिथे वाडगे पुष्कळ आहेत, पण माझ्यासारखं खोल पोट आणि पक्कं बूड दुसऱ्या कोणाचं नाही. नाबूल गावच्या कुंभाराने मला भट्टीतून काढलं तेव्हा तो म्हणाला होता, "हा पडला तरी फुटायचा नाही." त्याचा शब्द मी आजवर राखलाय. काठाचा एक टवका उडाला खरा, त्याचीच ही हकिगत.

आमच्याकडे जेवायला लबलाबी मिळते, दुसरं काही नाही. शिळा पाव गिऱ्हाइकाने आपल्या हाताने तोडून वाडग्यात टाकायचा आणि वाडगा फरहातपुढे धरायचा. तो त्यावर उकळते काबुली चणे आणि रस्सा ओततो, जिरं, लसूण, लाल मिरचीचं वाटण घालतो, वरून तेल सोडतो. पावाला मात्र तो हात लावत नाही. आईने लहान पोराचा पाव तोडावा, बाकी ज्याचा त्याने, अशी आमच्याकडची रीत.

दर गुरुवारी दुपारी एकच्या ठोक्याला शाझली आणि तैयब यायचे. शाझली शिंपी, तैयब गवंडी, दोघांचीही सत्तरी उलटलेली. एकोणीस वर्षं कोपऱ्यातलं टेबल त्यांचं आणि शाझलीचा वाडगा मी. त्याचे तुकडे कसे, चण्याएवढे आणि सगळे एकसारखे! तैयबच्या वाडग्यातले मोठाले तुकडे बघून तो म्हणायचा, "ए गवंड्या, जेवायला आलायस की भिंत बांधायला?"

"जेव मुकाट्याने, शिंप्या. तुझं तोडून होईपर्यंत माझी ढेकर देऊन होते."

दर गुरुवारी हेच बोलणं आणि दर गुरुवारी तितकंच हसणं. मला कधी कंटाळा आला नाही.

मग एका हिवाळ्यात शाझलीला अर्धांगाचा झटका आला. दोन महिन्यांनी तो काठी टेकत आला तेव्हा उजवा हात मांडीवर लुळा पडलेला होता. खानावळीतले सगळे उठून त्याला भेटले. तो बसला, मला पुढे ओढलं, पाव छातीशी दाबून धरला आणि डाव्या हाताने तोडू लागला. पाव निसटला, कोपर मला लागलं आणि मी थेट फरशीवर! फुटलो नाही हं, नुसता टवका उडाला.

इथे फरहात चुकला. माणूस मनाचा चांगला, पण घाई नडली. त्याने मला उचलून धुतलं, भराभरा पाव तोडला, चणे ओतले, दोन अंडी जास्तीची घातली आणि मला शाझलीपुढे ठेवून म्हणाला, "खा बाबा, सगळं तयार आहे."

शाझली माझ्याकडे बघत राहिला. ज्याने अर्ध्या गावाच्या लग्नाचे कपडे शिवले, त्याच्यापुढे लहान पोराचं ताट आलं होतं. "मला भूक नाही," एवढंच म्हणून तो उठला. तैयब मागे धावला. मी काठोकाठ भरलेला तसाच परत गेलो. वाडग्याच्या जन्मात याहून मोठा अपमान नाही, आणि मला माझ्यापेक्षा शाझलीचंच जास्त वाईट वाटलं.

फरहातने मला फळीवर ठेवून माझ्यात लिंबाच्या साली टाकायला सुरुवात केली. चार गुरुवार कोपऱ्यातलं टेबल रिकामं राहिलं. फरहात दर वेळी एक वाजता दाराकडे बघायचा आणि स्वतःवरच चरफडायचा.

पाचव्या गुरुवारी तैयब शाझलीच्या दंडाला धरूनच आत शिरला. "फरहात, तो टवक्याचा वाडगा काढ. एकच! चमचे दोन." फरहातने साली फेकून मला धुतलं आणि दोघांपुढे ठेवलं.

"मी नुसता चहा घेणार," शाझली गुरगुरला.

"चहा घे नाहीतर विष घे, आधी हे धर." तैयबने पावाचं एक टोक त्याच्या डाव्या हातात कोंबलं, दुसरं आपल्या उजव्या हातात घेतलं आणि स्वतःचा डावा हात खिशात घातला.

"तुझे दोन्ही हात धड आहेत की, मेल्या!"

"डावा गुरुवारी सुट्टीवर असतो. ओढ आता!"

शाझली हलेना. पाव दोघांच्या मध्ये तसाच ताणलेला. फरहातचा हात पातेल्यावर थांबला, आणि खोटं कशाला बोलू, मीही घाबरलो होतो. आज हा उठून गेला असता तर परत आला नसता.

मग शाझलीने ओढलं. पहिला तुकडा माझ्यात पडला, धोंड्याएवढा. "शी! हा तुकडा आहे? घट्ट धर, गवंड्या. अंगठा पुढे घे. आणखी पुढे!" अख्खा पाव त्याने असा शिव्या घालत तोडून घेतला. फरहात जवळ आला, पण या वेळी हात मागे बांधून. त्यांनी मला पुढे धरेपर्यंत तो थांबला, मगच चणे ओतले.

दोघांनी मला पुसून लख्ख केलं. चमचा ठेवताना शाझली म्हणाला, "चणे बरे होते. तुकडे मात्र विटाच."

"त्यातले अर्धे तुझे होते, शिंप्या."

शाझली इतका हसला की डोळे पुसायला त्याला तैयबचाच रुमाल मागावा लागला.

तेव्हापासून मी पुन्हा कामावर आहे. टवक्याचं मला काही वाटत नाही, उलट त्यावरूनच मला गर्दीत ओळखतात. एकच मागणं आहे, फरहात. बाकी दिवस मला कोणालाही दे, पण गुरुवारी एक वाजता मला रिकामा ठेव. ते दोघं येतायत.